रोकडेंची साडेआठची पट्टी

रोकडे रोज सकाळी साडेआठला दवाखान्यातल्या खाटेवर स्वतःच आडवे व्हायचे, शर्ट वर करायचे आणि मला म्हणायचे, "सिस्टर, लावा." मग मी त्यांच्या छातीवर ईसीजीचे रबरी फुगे चिकटवायचे. हातापायांचे चिमटे त्यांनी आधीच लावलेले असत. कागदाची पट्टी बाहेर आली की शर्टाची बटणं लावत ते ती स्कॅनरवर ठेवत, लॅपटॉपवरून सोलापूरच्या डॉक्टरांना पाठवत, आणि तिकडून "पोचली" असं उत्तर आलं की मगच पहिल्या पेशंटला आत घेत. सहा वर्षं हे चाललं. त्यांच्या छातीला काही झालेलं नव्हतं. सोलापूरपर्यंतची वाट चालू आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं असे.

आमचा दवाखाना उजनीच्या पाण्याकाठी होता. एका ट्रस्टनं काढलेला, तीन खोल्यांचा, पुढे पत्र्याची पडवी. आजूबाजूला ऊस आणि केळी, खाली पाण्यावर उपशाच्या मोटारी आणि मच्छीमारांच्या होड्या. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस मी नर्स, प्रल्हाद रोकडे टेक्निशियन आणि दत्तू जीपचा ड्रायव्हर, एवढाच आमचा संसार. मी शुक्रवार पेठेतली, रोकडे बुधवार पेठेतले, त्यामुळे शनिवारी दुपारी एकाच एसटीनं सोलापूरला जायचं आणि सोमवारी पहाटे एकाच एसटीनं परत यायचं.

छातीत कळ आली म्हणून कुणी आलं, की रोकडे ईसीजी काढणार, सोलापूरचे देशमुख डॉक्टर तो कॉम्प्युटरवर बघणार आणि फोन करून मला सांगणार, की कुठली गोळी द्या, कुठं न्या. फोटो धड जाईल असा फोन त्या वेळी गावात कुणाकडे नव्हता. सगळी भिस्त नेटच्या एका बोटभर डोंगलवर. आत सिम, मागे यूएसबीची पिन, आणि ते बसणार ट्रस्टनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये. त्यातल्या विंडोजला इतके व्हायरस लागले होते, की ट्रस्टींच्या ओळखीच्या एका इंजिनिअरनं सगळं पुसून त्यात लिनक्स घातलं आणि तो पुण्याला निघून गेला. पुढचं रोकडेंच्या गळ्यात.

डोंगलच्या खोक्यावर लिनक्सचं नावही नव्हतं. पहिल्या दिवशी रोकडेंनी ते खुपसलं, तर लॅपटॉपच्या पडद्यावर सीडीचं चित्र आलं. नेटचा पत्ता नाही. मी म्हटलं, बदलून आणा, फसवलंय तुम्हाला. ते दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी मला समजावून सांगितलं. हे डोंगल लावल्यावर आधी आपण सीडी आहोत असंच सांगतं, कारण त्याच्या पोटात विंडोजसाठीचा प्रोग्रॅम भरलेला असतो. विंडोज तो चालवतं आणि मग ते मोडेम होतं. लिनक्सला त्या प्रोग्रॅमशी देणंघेणं नाही. तेव्हा आपणच त्याला सांगायचं, की बाबा, सीडीचं पुरे झालं, आता कामाला लाग. तसं सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी सोलापूरच्या एका सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणला. सीडी असतानाचा डोंगलचा नंबर वेगळा, मोडेम झाल्यावरचा वेगळा, हे दोन्ही नंबर त्यांनी एका वहीत लाल आणि निळ्या शाईनं लिहिले. ती वही ते एसटीत मांडीवर घेऊन बसत.

माणूस किडकिडीत, उंच, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. काळजी हाच त्यांचा स्थायीभाव. खोलीला कुलूप लावून दहा पावलं गेले, की परत येऊन कुलूप ओढून बघणार. एसटी वेळेवर आली तरी चुकीची असेल म्हणून कंडक्टरला दोनदा विचारणार. मी मुळात तापट. सकाळी सकाळी त्यांच्या छातीला फुगे लावताना माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हटलंच, की वाट चालू आहे का बघायला कोरा कागद पाठवा, तुमच्या बरगड्या कशाला बघायच्या आम्ही रोज? त्यावर ते अगदी मनापासून म्हणाले, "कोऱ्या कागदानं नुसतं नेट कळतं, सिस्टर. मशीन, तारा, स्कॅनर, डोंगल, समदं एका दमात तपासायचं तर छाती लागती की."

लिनक्सवर मात्र त्यांचा जीव जडला होता. डोंगल लावलं की ते काळी खिडकी उघडायचे. तिच्यात पांढऱ्या अक्षरांत ओळी पळायच्या. नवीन वस्तू सापडली, तिचा नंबर अमुक, सीडी गेली, मोडेम आला. ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाले, बिघडलं तर कुठं बिघडलं ते हे सांगतं तरी, लपवत नाही. काळजी करणाऱ्या माणसाला यापेक्षा दुसरं काय हवं?

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवला होता: डोंगल ओढू नये. आमच्याकडे कुणीही, अगदी आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टरसुद्धा, नेट गेलं की पहिलं काय करत, तर डोंगल उपटून परत खुपसत. रोकडेंचा जीव तेव्हा वरखाली व्हायचा. ओढलं की ते पुन्हा सीडी होतं, पुन्हा पहिल्यापासून सगळं, हे ते हात जोडून सांगत. वीस आकडे मोजा, ओळी वाचा, मग हात लावा. मी मुद्दाम मोठ्यानं मोजायचे, त्यांना चिडवायला. ते चिडायचे नाहीत, माझ्याबरोबर मोजायचे.

पावसाळा सरताना एकदा रेंजच जाऊ लागली. पट्टी अर्धी जायची आणि तुटायची. रोकडेंनी सोलापूर स्टेशनाजवळच्या बाजारातून लांब वायर आणली आणि डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं, तर ते मिणमिण करून बंदच पडलं. लांब वायरीतून त्याला करंट पुरत नव्हता. मग दोन तोंडांची वायर आणली, म्हणजे दोन भोकांतून करंट मिळेल. तरी रेंज कमीच. दुसऱ्या दिवशी माझी पिठाची चाळणी गायब. शोधत शोधत दवाखान्यात गेले, तर ती खिडकीत उभी, तिच्या मधोमध डोंगल बांधलेलं आणि तोंड टॉवरकडे. दोन रेघांच्या चार रेघा झाल्या होत्या. खालच्या वस्तीतले बाबू भोई होडी सोडून बघायला आले. ह्यात मासं बी घावत्यात का, असं त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. रोकडेंनी तितक्याच गंभीरपणे नाही म्हणून सांगितलं. चाळणी मला परत मिळाली नाही. मी नवी घेतली.

त्याच बाबू भोईंची एकदा छाती भरून आली. रोकडेंनी पट्टी काढली, पाठवली आणि फोनची वाट बघत बसले. पंधरा मिनिटं गेली, फोन नाही. शेवटी मीच फोन लावला, तर कळलं की पट्टी पोचली होती, पण कुणी उघडून बघितलीच नव्हती. बाबूंचं निभावलं, अपचन निघालं. पण रोकडे त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांचा एक वेगळाच प्रश्न सुरू झाला. पट्टी गेली असं कुणी म्हटलं, की ते विचारायचे, "पोचली का उघडली?" चार जणांत हा प्रश्न त्यांनी विचारला की मला लाज वाटायची.

देशमुख डॉक्टर तसे गमत्ये. दिवाळीला आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो, तर हसत म्हणाले, "रोकडे, तुमचं हृदय माझ्या कॉम्प्युटरात हजार वेळा आलंय. साडेआठला तुमचं नाव दिसलं की मी आता उघडतसुद्धा नाही, इथल्या सिस्टरला सांगतो, पोचली म्हणून कळव." मी खूप हसले. रोकडे हसले नाहीत. बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या फेब्रुवारीत जुनं डोंगल वारलं. ट्रस्टनं नवं पाठवलं. रंग तोच, आकार तोच, पण नंबर वेगळा, आणि तो रोकडेंच्या छोट्या प्रोग्रॅमच्या यादीतच नाही. ते काही केल्या सीडी व्हायचं सोडेना. दोन दिवस खटपट केल्यावर त्यांना सापडलं, की पडद्यावरच्या सीडीच्या चित्रावर जाऊन ती सीडी बाहेर काढ असं सांगितलं, की हे डोंगल मुकाट्यानं मोडेम होतं. इतकं सोपं. पण दर वेळी हातानं करायचं. शनिवारी सायबर कॅफेत जाऊन ह्याचा कायमचा बंदोबस्त करतो, असं ते म्हणाले. तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी ते आले तेव्हा कॉलर ओली होती. पहाटेपासून वीज नव्हती, लॅपटॉप बंद पडला होता, म्हणून धावपळ झाली असेल असं मला वाटलं. वीज आली. ते आडवे झाले, मी फुगे लावले. पट्टी बाहेर आली. ती त्यांनी धरून बघितली आणि म्हणाले, फुगा सुटलाय, परत लावा. मी परत लावले. पट्टी तशीच. रेघ जिथं खाली यायला हवी तिथं वर उचललेली. मी नर्स आहे, ती रेघ मला कळते.

मी म्हटलं, "रोकडे, छातीत दुखतंय का?"

"दुखत न्हाई. पहाटेपास्नं जरा दाटल्यावानी वाटतंय." आणि लगेच, "वायर गेली आसंल. दुसरी लावा."

दुसरी वायर लावली. पट्टी तशीच. मग मशीन बिघडलं असं त्यांनी ठरवलं. मी त्यांना उठू नका म्हणत होते, ओरडत होते खरं तर, पण ते उठून बसले आणि मला म्हणाले, तुम्ही झोपा. त्यांची रीतच ती. वस्तू बिघडली का जागा बिघडली हे बघायचं, तर त्या जागी चांगली वस्तू लावून बघायची. वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून मी झोपले. त्यांनी माझ्या मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले. पट्टी आली, पुस्तकात छापतात तशी स्वच्छ.

दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मशीन चांगलं हाय, सिस्टर." आणि स्वतःच खाटेवर आडवे झाले.

माझी पट्टी मी एप्रनच्या खिशात कोंबली. त्यांच्या तोंडात ऍस्पिरिन घातली. दत्तूला फोन केला, तो औषधं आणायला जवळच्या टेंभुर्णीला गेला होता, वाटेतच आहे, दहा मिनिटांत येतो म्हणाला. देशमुख डॉक्टरांचा फोन वाजत राहिला. ती त्यांची राउंडची वेळ, फोन खोलीत ठेवून जात. मेल मात्र वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर समोर दिसायची. म्हणजे पट्टी पाठवणं हाच रस्ता होता. पुढची गोळी कुठली, टेंभुर्णीत थांबायचं का सोलापूर गाठायचं, हे मी माझ्या मनानं ठरवू शकत नव्हते. चुकले असते तर?

लॅपटॉप चालू केला. पडद्यावर सीडी. मी काय केलं असेल? डोंगल ओढलं. परत खुपसलं. परत सीडी. परत ओढलं. सहा वर्षं ज्या माणसाला मी त्या एका नियमावरून चिडवलं, तो चार हातांवर घामानं भिजून पडलेला, आणि मी तेच करत होते. रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, डोंगलचा, माझा.

"ओढू नका, सिस्टर." आवाज अगदी बारीक. "हाय तितंच ऱ्हाऊ द्या. सीडी दिसली का?"

दिसली, म्हटलं.

"तिच्यावर जावा. उजवं बटण दाबा. बाहेर काढ म्हणून आसंल, ते दाबा. आता हात लावू नका. मोजा."

मी मोजायला लागले. आठपर्यंत त्यांनी माझ्याबरोबर मोजलं, मग ते थांबले. मी वळून बघितलं, तर डोळे मिटलेले, ओठ हलत होते. सोळाला डोंगलचा लाल दिवा निळा झाला. सीडीचं चित्र पडद्यावरून गेलं. वीसला मी नेट जोडलं आणि ते जोडलं गेलं. पट्टी स्कॅन केली. पेशंटच्या नावाच्या जागी मी रोकडेंचं नाव घालायला लागले.

"माझं नाव नका घालू," ते म्हणाले. "साडेआठाची येळ हाय. माझं नाव बघून ते उघडायचे न्हाईत. तुमचं घाला."

मला क्षणभर कळलंच नाही. मग दिवाळीतलं डॉक्टरांचं बोलणं आठवलं. घड्याळात आठ चाळीस झाले होते. मी 'शोभा माने' असं माझं नाव घातलं, वय माझं, गाव माझं, आणि पट्टी पाठवून दिली. त्यांनी विचारलं, "पोचली का उघडली?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्या छातीला मी रोज हात लावला होता, पण हात कधी धरला नव्हता.

चार मिनिटांत फोन आला. देशमुख डॉक्टर जवळजवळ ओरडत होते, "कोण बोलतंय? शोभा सिस्टरांना झोपवून ठेवा, एक पाऊल चालू देऊ नका."

"मीच बोलतेय, डॉक्टर. पट्टी रोकडेंची आहे."

त्यांनी एकदाच रोकडेंचं नाव घेतलं आणि पुढे भराभर सांगत गेले. कुठल्या गोळ्या, किती, टेंभुर्णीच्या कुठल्या दवाखान्यात न्यायचं. सोलापूर लांब आहे, तिथंच आधी सुई देतील, तुमचं नाव सांगून मी सगळी तयारी ठेवायला लावली आहे, असं म्हणाले. तेवढ्यात दत्तूची जीप पडवीला लागली.

वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस भरलेले ट्रॅक्टर चालले होते. दत्तू हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागच्या बाकावर रोकडेंचं डोकं माझ्या मांडीवर. नाडी माझ्या बोटांखाली कधी सापडायची, कधी सुटायची. त्यांना गप्प राहा म्हटलं तरी राहात नव्हते. पडवीत पेशंट बसलेत, त्यांना कुणी सांगितलं का? मंगलला आत्ता कळवू नका, तिचं बीपी वाढतं. मंगल म्हणजे त्यांची बायको. मी सगळ्याला हो हो म्हणत होते.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. त्यावर त्यांना घेतलं. केसपेपर हातात घेतलेल्या माणसानं वर न बघताच विचारलं, "शोभा माने?" मी पुढे होऊन हे पेशंट आहेत, नाव वेगळं आहे असं सांगायला लागले, पण स्ट्रेचर ढकलणाऱ्यांना घाई होती आणि ती बरोबरच होती. दार उघडलं. तेव्हा रोकडेंनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. एका हातानं दाराची चौकट पकडली, त्यामुळे ढकलणारे थांबले. चेहरा राखेसारखा पडला होता. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "सिस्टर, तेवढं नाव दुरुस्त करून घ्या. आत काय झालं तर फोन तुमच्या घरी जाईल. घरची माणसं घाबरतील की."

मग त्यांनी चौकट सोडली आणि दार लागलं.

नाव मी तिथंच उभी राहून दुरुस्त करून घेतलं. दुपारी रोकडे गेले. अडीचला फोन बुधवार पेठेत गेला, मंगलवहिनींना. तो मीच केला.